तालमीसाठी तालीम मिळेल का? कोल्हापूरच्या तालीम मंडळांना खुले पत्र

कोल्हापुरातील सर्व तालीम मंडळांचे अध्यक्ष, वस्ताद आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी संगीत नाटकाला पायपेटीची साथ करतो. नाटकवाले तिला ऑर्गन म्हणतात, आमच्या घरात मात्र ती पहिल्यापासून पायपेटीच. पोटापाण्यासाठी तीस वर्षं शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर वह्या लिहिल्या. संध्याकाळी वही मिटली की पेटी उघडायची. मी आखाड्यात कधी उतरलेलो नाही, हे माझ्याकडे बघून कुणीही सांगेल. तरी हे पत्र तुम्हालाच लिहितोय. आगीत गेलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल महापालिकेला, आमदार-खासदारांना, मंत्र्यांना लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी लिहावंच. तालमींना कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

बारा-तेरा वर्षांचा असताना एकदा संध्याकाळी घाईनं बाहेर पडत होतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघालास रे?" म्हटलं, "तालमीला." काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईला हाक मारली, "अहो वहिनी, ह्याला दूध वाढवा जरा. तालमीला जातोय म्हणे, आणि पायाच्या काड्या बघा!" नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या मंगळवार पेठेत तालीम म्हणजे लाल माती, मारुती आणि पहाटेचे जोर.

शाहू महाराजांना मात्र दोन्ही तालमी ठाऊक होत्या. १९०२च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्या गावात करायचं मनात घेतलं. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ला उभं राहिलं आणि त्याला पाठ लावून १९१५ला पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांकडे जागेची काही टंचाई नव्हती. नाट्यगृह पंचगंगेकाठी बांधता आलं असतं, रंकाळ्यावर बांधता आलं असतं. पण ते कुस्तीच्या मैदानाला खेटूनच बांधलं. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नांदी, मधे एक भिंत. असा शेजार महाराष्ट्रात दुसरीकडे मी तरी बघितलेला नाही.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आग होती. मी जेवून हात धूत होतो, तोवर पोराच्या मोबाईलवर क्लिप आली. चपला घालून निघालो. लांबूनच जुन्या सागवानाचा वास आला. होळीचा वास वेगळा असतो आणि शंभर वर्षांचं लाकूड जळतं तेव्हाचा वेगळा, त्यात वॉर्निश असतं, पडद्याचं कापड असतं. पाइप ओढायला हात लावणाऱ्यांत पेठेतली ओळखीची पोरं दिसली, कान मोडलेली, बनियनवर धावत आलेली. त्यांतल्या एकानं मला दंडाला धरून मागं सारलं, "मामा, पुढं जाऊ नका." दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. छप्पर कोसळलेलं, रंगमंचाचा कोळसा झालेला, खासबागेकडचा मंचही गेलेला. दगडी भिंती उभ्या होत्या.

त्या रात्री मला माझ्या पायपेटीची आठवण झाली, आणि पाच वर्षं मागचा ऑगस्ट आठवला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पेटी आमच्या कंपनीतल्या एका नटाच्या घरी ठेवली होती, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ती ओलांडली तेव्हा त्यांनी फोन केला, "पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय, पेटी माडीवर चढवायला पाहिजे." घरात ते आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंही साठीच्या पुढचे. आमची पेटी जुन्या घडणीची, अंगानं जड, तिला चार माणसं लागतात. दोघांनी दोन पायऱ्या चढवली आणि तिथंच सोडली. पाणी पन्नास फुटांच्याही वर गेलं. आठवड्यानं जाऊन बघितलं तर भात्यात पुराचा गाळ, बोटभर जाडीचा, वर वाळून भेगाळलेला आणि आत ओला. पितळी सुरांवर हिरवट बुरशी चढलेली. मी एकेक सूर काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला, पाठीमागं नंबर लिहून. मिरजेहून कारागीर आले. सुराची पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. तीन दिवस ते घासत होते आणि मी ऐकून 'हं' किंवा 'अजून' एवढंच म्हणत होतो. भाता नवा घालावा लागला. आजही पावसाळ्यात मधल्या सप्तकातला कोमल धैवत जरा रुसतो.

पेटी दुरुस्त होऊन आली, नाटक बसायला लागलं आणि मार्च २०२०मध्ये सगळीच नाट्यगृहं बंद झाली. निम्म्या खुर्च्यांवर उघडली ती ५ नोव्हेंबरला. त्या दिवशी मराठी रंगभूमी दिन होता, म्हणून आम्ही पेढेही वाटले. पुढच्या एप्रिलात पुन्हा कुलूप. जुलैत पुन्हा पूर. २२ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा निम्म्या खुर्च्या. मग कुठं जरा घडी बसत होती, तर आग.

टाळेबंदीत आम्ही मोबाईलवर तालमी करायचा उद्योग केला. तबलजी राजारामपुरीत, मी मंगळवार पेठेत, नायिका कळंब्यात. मी समेवर यायचो तेव्हा तबलजीची सम अजून वाटेतच असायची. मग तबलजीनं ठेका आधी भरून पाठवायचा, त्यावर मी वाजवायचं, त्यावर तिनं गायचं असं करून बघितलं. गाणं झालं. पण नटी श्वास घेते तेव्हा साथीदारानं थांबायचं असतं, आणि आधी भरून ठेवलेला ठेका कुणासाठी थांबत नाही.

या पाच-सहा वर्षांत एक गोष्ट मात्र जोरात चालली, नाट्यगीतांचे कार्यक्रम. मागे बॅनर, दोन निवेदक, सात-आठ गायक, दोन तासांत वीस पदं. मी त्यांत वाजवतो, पाकीट घेतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवसांत कितीतरी वादकांच्या घरी चूल त्यावर पेटली. पण आता हळूहळू लोकांना वाटायला लागलंय की संगीत नाटक म्हणजे हेच. नाटकातून पद उचलून आणलं की ते सुटं गाणं होतं. कोण कुणावर रागावलंय, कुणाला काय लपवायचंय, हे सगळं निवेदक एका वाक्यात सांगून टाकतो.

आमच्यात एक मुलगी आहे, चोविशीची. गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं. एका कार्यक्रमात एका पदाला तिनं दोनदा वन्समोअर घेतला. तेच पद नाटकात बसवायला घेतलं. पदाच्या आधी तिला तीन वाक्यं बोलायची होती, रागानं, पाठमोरी होत, आणि तिसऱ्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावरून थेट पदात शिरायचं होतं. अशा वेळी तिसरं वाक्य सुरू झालं की मी अगदी हळू काळी चारचा षड्ज, म्हणजे तिच्या पट्टीचा 'सा', धरून ठेवतो. प्रेक्षकाला तो कळायला नको. नटीला तो पायाखालच्या फळीसारखा लागतो, बघावं लागत नाही, असतो एवढं पुरतं. मी षड्ज धरला, ती बोलली, वळली, आणि श्वास संपला. सूर अर्ध्यानं खाली लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी ती खाली बसली आणि म्हणाली, "काका, हे मला येतं हो, मी गायलंय हे." गायलं होतंच. बोलून गायलं नव्हतं.

हे सुधारायला वीस-पंचवीस तालमी लागतात, उभं राहून, चालत, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. तुम्हाला हे मी सांगायला नको. ढाक कशी मारायची, घिस्सा कसा ओढायचा हे पुस्तकात वाचून कुणाला आलंय? जोड अंगावर आल्याशिवाय डाव बसत नाही. टाळेबंदी उठल्यावर आमच्या गल्लीच्या टोकाच्या तालमीत मी सहज डोकावलो होतो. वस्ताद फावडं घेऊन एकटेच माती उकरत होते. म्हणाले, "वर्षभर कुणी लोळलं नाही, माती दगड झाली बघा. आता ताक, हळद, तेल घालून महिनाभर मळायला लागतीय." मी तेव्हाच मनात म्हटलं, आमचंही असंच झालंय, फक्त आमची माती दिसत नाही.

ती मळायला जागा पाहिजे आणि जागाच मिळत नाही. आगीनंतर आम्ही शहरभर फिरलो. एका शाळेचं सभागृह मिळालं, तीन आठवड्यांत परीक्षा आल्या. एका मंगल कार्यालयानं खालचा हॉल दिला, लग्नाचा मुहूर्त आला की आम्ही बाहेर. एकदा तर आतून पानसुपारी चाललेली आणि आम्ही पार्किंगमध्ये बसून दुसरा अंक म्हटला, वऱ्हाडी ऐकत उभे राहिले, वरमाईनं बुंदीचं ताट पाठवलं. ती तालीम उत्तम झाली, हे सांगायला हवं. मग एका मित्राचा फ्लॅट, वरच्या मजल्यावरून तक्रार. मग कुणाची तरी गच्ची, वळवाचा पाऊस. पेटी टेम्पोतून पाच वेळा हलली आणि दर वेळी एखादा सूर बसला.

म्हणून तुमच्या दारात आलोय.

तुमच्यातल्या काहींना वाटत असेल, संगीत नाटक पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या लोकांचं, त्याचा आमच्या तालमीशी काय संबंध? या समजाला आम्ही नाटकवालेही जबाबदार आहोत, पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे आम्ही बघितलंच नाही. पण ज्यांचं नाव त्या नाट्यगृहाला आहे ते कोण होते? १८९०ला याच कोल्हापुरात जन्मलेला, लहानपणी बाप गेलेला एक भोसल्यांचा पोरगा. कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेला, देवलांच्या नाटकात शारदा झाला. १९०८ला हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, तेव्हा वय पुरतं अठरासुद्धा नव्हतं. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला, त्यात भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या दोन कंपन्यांचे मालक त्या रात्री एका रंगमंचावर उभे होते. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. कंपनी बंद पडायला याहून मोठं कारण काय लागतं? पण बापूराव पेंढारकरांनी ती पुढं चालवली आणि पुढं त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी.

आणि केशवरावांच्या कंपनीचे पडदे कुणी रंगवले? आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या आपल्या इथल्याच दोन चित्रकारांनी. त्यांतले बाबूराव पुढं बाबूराव पेंटर म्हणून सिनेमात गेले. मानापमानाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबेही आपल्याच मुलखातले, ते १९३२ला प्रभातच्या पहिल्या मराठी बोलपटात राजा हरिश्चंद्र झाले. तो बोलपटही कोल्हापुरातच झाला. नाटकाचे पडदे रंगवणारे आणि चाली बांधणारे हात सिनेमात गेले आणि मागोमाग प्रेक्षक गेला. त्यांच्यावर माझा राग नाही, मीही रविवारी मॅटिनीला जात होतो. सांगायचं इतकंच की आमच्यावरची ही पहिली आपत्ती नव्हे आणि त्यातही कोल्हापूरचा हात होताच.

आता मागणी. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे आखाड्याशेजारी किंवा वरच्या मजल्यावर हॉल आहे, त्यांनी तो आम्हाला आठवड्यातून तीन रात्री द्यावा, आठ ते साडेदहा. शनिवार नको, तो मारुतीचा वार, तुमच्याकडे गर्दी असते. माईक लागणार नाही. मातीवर कुणी पाय ठेवणार नाही, चपला दाराबाहेर. विजेचं बिल आमचं. नाटक उभं राहायला तीन महिने लागतात, तेवढीच मुदत. पेटी मात्र तीन महिने तिथंच राहील, ही अट आमची. तिला आता टेम्पो सोसत नाही.

आमच्यात बायका आहेत, त्याचं काय, असं एका तालमीत मला दबक्या आवाजात विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे, जुनी रीत आहे, मी तिची टिंगल करत नाही. आखाड्यात त्या येणार नाहीत, हॉलचं दार वेगळं असेल तिथंच आम्ही येऊ. पण आज याच जिल्ह्यातल्या मुली मातीत आणि मॅटवर कुस्ती खेळतात, हेही वस्तादांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरी मागणी गणेशोत्सवाची. दहा दिवसांतली एक संध्याकाळ द्या, पूर्ण नाटकाला. पदांचा कार्यक्रम नको, नाटक हवं. ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री दहापर्यंत, सवलतीच्या दिवशी बारापर्यंत. पूर्वी ही नाटकं रात्रभर चालायची, आता आम्ही ती अडीच तासांत बसवतो, सातला नांदी झाली की दहाच्या आत भैरवी. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते आम्ही आणू. देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या नाटकांवरचा स्वामित्वहक्क मुदत संपून सुटलेला आहे, त्यामुळे लेखकाच्या मानधनाचा खर्च नाही. उरला मांडव, तो तुमच्याकडे असतोच. साउंड सिस्टीमच्या भिंतीवर जेवढं जातं, त्याच्या लहानशा वाट्यात हे होईल. आकडा मी सांगत नाही, तो तुमच्या खजिनदारांना माझ्यापेक्षा पक्का ठाऊक आहे.

आणि तुम्ही नट शोधायला आमच्याकडे यायची गरज नाही, उलट आम्हीच येतोय. तुमचे सजीव देखावे मी दरवर्षी बघतो. स्टुडिओत भरलेल्या संवादावर तोंड हलवत तुमची पोरं रात्रीत आठ-आठ वेळा अफजलखानाचा वध करतात, आणि आठव्या खेपेलाही खान तितक्याच जोरात पडतो. एवढा दम आमच्या नायकात नाही. त्या पोरांना एकदा स्वतःच्या आवाजात बोलू दे. गाता येत नसेल तरी चालेल, संगीत नाटकात न गाणारी पात्रं खूप असतात आणि बहुतेक वेळा टाळ्या तीच घेतात. आम्हाला सध्या एक सेनापती हवाय, दोन द्वारपाल आणि एक विनोदी नोकर. सेनापती आमच्याकडे आहे, पण त्याच्या अंगावर चिलखत हँगरला टांगल्यासारखं दिसतं.

नाट्यगृहाचं काम होईल तेव्हा होईल. त्याची तिसरी घंटा वाजेल तेव्हा मी असेन-नसेन. पण ती वाजल्यावर आत उभं राहून बोलून गाणारी माणसं तयार असायला हवीत, आणि ती तयार व्हायला आज रात्री आठची जागा लागते.

होकार असेल तर मंगळवार पेठेत कुणालाही 'पायपेटीवाले मामा' म्हणून विचारा, घर दाखवतील. पेटी सध्या माझ्याच माडीवर आहे, अरुंद जिन्यावरून खाली आणायची आहे. येताना चार जण पाठवा, अंगानं बरे बघून.

आपला,
एक पायपेटीवाला
मंगळवार पेठ, कोल्हापूर